पीडीएमएस चिपला प्रोटीन चिकटतंय? प्लाझ्मा कसा मारायचा आणि त्यानंतर लगेच काय करायचं

मायक्रोफ्लुइडिक चिपवर (केसाएवढ्या चॅनेलमधून द्रव नेणारी चिप, बहुतेक वेळा पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबराची) काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रॉब्लेम येतो. सॅम्पल एका टोकाने सोडलं, दुसऱ्या टोकाने जे बाहेर आलं त्यात प्रोटीन निम्मंसुद्धा नाही, आणि मग पंप बघा, अँटिबॉडी बघा, डिटेक्टर बघा असं सुरू होतं. बहुतेक वेळा प्रोटीन कुठेच हरवलेलं नसतं, ते चॅनेलच्या भिंतीला चिकटून बसलेलं असतं.

हिशोब एकदा करून बघा. समजा चॅनेल १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन उंच आणि २ सेंटिमीटर लांब आहे. त्यात पाणी मावतं ०.१ मायक्रोलिटर आणि चारी भिंतींचं क्षेत्रफळ होतं ०.०६ चौरस सेंटिमीटर. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनचा एक पूर्ण थर बसला तर ढोबळमानाने एका चौरस सेंटिमीटरला २०० नॅनोग्रॅम पकडा, म्हणजे या भिंतींवर १२ नॅनोग्रॅम बसू शकतं. आणि सॅम्पल जर एका एमएलमध्ये १ मायक्रोग्रॅम असेल तर चॅनेलमध्ये एका वेळी असतं फक्त ०.१ नॅनोग्रॅम. म्हणजे भिंतीची भूक आतल्या मालाच्या १२० पट! मोठ्या बीकरमध्ये हे कळतच नाही कारण तिथे पाणी भरपूर आणि भिंत कमी, चिपमध्ये बरोबर उलटं आहे.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सुरुवातीलाच ठणकावून सांगायला हवी होती. नुसता ऑक्सिजन प्लाझ्मा (कमी दाबाखाली विजेने चमकवलेला वायू, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) मारला म्हणजे प्रोटीन चिकटायचं थांबलं असं होत नाही. पृष्ठभाग पाणी ओढायला लागला, थेंब पसरला, की आपल्याला वाटतं झालं काम. पण सेल कल्चरच्या पॉलिस्टायरीनच्या डिशेस प्लाझ्मासारखीच ट्रीटमेंट करून विकतात आणि ती करतात पेशी चिकटाव्यात म्हणून, आणि त्या पेशी आधी चिकटलेल्या प्रोटीनवरच पाय रोवतात. म्हणजे प्लाझ्मा हा भिंतीला मारलेला प्रायमर आहे, रंग नाही. रंग वेगळा द्यावा लागतो आणि प्रायमर ताजा असतानाच द्यावा लागतो.

आत नक्की काय होतं

पीडीएमएस म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा कणा आणि बाजूला मिथाइल गट. हे मिथाइल पाण्याला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून कोऱ्या पीडीएमएसवर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोल बसतो, काँटॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) साधारण १०५ ते ११० अंश. प्रोटीनला असा पृष्ठभाग फार आवडतो, कारण त्याच्या पोटातले पाणी टाळणारे भाग उलगडून तिथे चिकटता येतं, आणि एकदा उलगडून पसरलं की ते सहसा परत सुटत नाही. ऑक्सिजन प्लाझ्मामध्ये तेच मिथाइल उडतात आणि तिथे सिलॅनॉल म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ओएच गट येतात. अँगल २० अंशांच्या खाली येतो, कधी कधी थेंब इतका पसरतो की मोजताही येत नाही.

पण सिलॅनॉलला पाण्यात ऋणभार येतो. मग लायसोझाइमसारखं धनभाराचं प्रोटीन (त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो, ११ च्या आसपास आहे) आनंदाने येऊन बसतं. अल्ब्युमिनचा साधारण ४.७, त्यामुळे ७.४ पीएचला ते स्वतःच ऋणभारित असतं आणि थोडं लांब राहतं. म्हणून फक्त अल्ब्युमिनवर टेस्ट करून 'प्लाझ्माने प्रोटीन कमी झालं' असं लिहिलं तर ते अर्धंच सत्य असतं.

प्रोटीनला खरंच लांब ठेवणाऱ्या पृष्ठभागांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पाण्याला घट्ट धरून ठेवणारा, हायड्रोजन बाँड स्वीकारणारा पण स्वतः न देणारा, आणि एकूण भार शून्य असलेला. पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल यात बसतं. ही कल्पना आपल्या घरातलीच आहे, दूध तापवायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून ओलंच ठेवतात म्हणजे दूध खाली लागत नाही, तसा पीईजीच्या साखळ्या पाण्याचा एक थर कायम धरून ठेवतात आणि प्रोटीनला भिंतीपर्यंत पोचायचं असेल तर आधी ते पाणी हटवावं लागतं. फरक इतकाच की पातेल्यातलं पाणी निघून जातं, पीईजीचं बांधलेलं असतं.

पायरी १: पीडीएमएस नीट बनवा, घाई इथे करू नका

पीडीएमएसचा बेस आणि त्याला घट्ट करणारा क्युअरिंग एजंट १०:१, वजनाने, डोळ्यांनी अंदाज करून नाही. चांगलं ढवळा, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये बबल काढा, ओतल्यावर ७० ते ८० अंश सेल्सिअसला किमान दोन तास, जमलं तर रात्रभर ठेवा. मी रात्रभरच ठेवते. कारण क्युअर झाल्यावरही आत थोड्या छोट्या, न जुळलेल्या साखळ्या उरतात आणि त्याच पुढे घात करतात, प्लाझ्मानंतर हळूहळू वर येतात आणि पृष्ठभाग परत पहिल्यासारखा पाणी झटकणारा होतो. याला हायड्रोफोबिक रिकव्हरी म्हणतात, ती काही तासांत सुरू होते आणि काही दिवसांत बहुतेक काम उलटवून टाकते. उष्णतेत जास्त वेगाने होते, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये एसी नसलेल्या खोलीत चिप ठेवून देऊ नका.

ज्यांना चिप जास्त दिवस टिकवायची आहे त्यांनी या छोट्या साखळ्या सॉल्व्हंटने आधीच काढून टाकाव्यात. आधी पीडीएमएस फुगवणारा सॉल्व्हंट, मग टप्प्याटप्प्याने कमी फुगवणारा, शेवटी इथेनॉल, आणि ओव्हनमध्ये पूर्ण कोरडं. यात दोन-तीन दिवस जातात आणि तुकडा फुगून परत आकसताना वाकडा होऊ शकतो, म्हणून बारीक डिझाइनला आधी एका फालतू तुकड्यावर करून बघा. एक-दोन दिवसांत वापरून टाकायची चिप असेल तर मला तरी याची गरज वाटत नाही.

पायरी २: साफसफाई

चॅनेलच्या बाजूला सेलोटेप लावून धूळ उचला, मग आयसोप्रोपॅनॉल, मग डीआय वॉटर (आयन काढलेलं पाणी), मग नायट्रोजनने किंवा फिल्टर केलेल्या हवेने कोरडं करा. पावडर नसलेले ग्लोव्ज घाला. बोटाचा तेलकट ठसा प्लाझ्मा जाळेल असं वाटतं, पण ३० सेकंदांत तो अर्धवटच जातो आणि मग चमकणारं प्रोटीन टाकून बघताना (फ्लुरोसन्समध्ये) बरोबर त्याच जागी डाग दिसतो. चॅनेल बंद करायला काच वापरणार असाल तर तीही इतकीच साफ हवी.

पायरी ३: चेंबर आणि पंप

आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये छोटा टेबलटॉप प्लाझ्मा क्लीनर असतो, साधारण १८ ते ३० वॅटचा. चिप ठेवायच्या आधी रिकामं चेंबर ५ ते १० मिनिटं चालवा. हे बहुतेक लोक सोडून देतात आणि इथेच गडबड होते, कारण आदल्या दिवशी कोणीतरी त्यातच पीडीएमएस किंवा फोटोरेझिस्ट ट्रीट केलेलं असतं आणि त्याचा मैला भिंतीवरून उडून तुमच्या चिपवर बसतो.

गॅस कोणता? शुद्ध ऑक्सिजन असेल तर उत्तम, पण साध्या हवेवरही काम होतं. फक्त पावसाळ्यात हवेत बाष्प इतकं असतं की जुलैचे आणि जानेवारीचे आकडे जुळत नाहीत, म्हणून हवेवर काम करणाऱ्यांनी इनलेटला सिलिका जेलची नळी लावावी. ती निळी असेल तर गुलाबी झाली की बदला, नारिंगी मिळाली तर तिचा रंग गेला की बदला.

आणि हे मात्र गंभीरपणे घ्या: शुद्ध ऑक्सिजन वापरणार असाल तर व्हॅक्यूम पंपात साधं मिनरल ऑइल चालत नाही, ऑक्सिजन आणि गरम तेल एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं, त्यासाठी परफ्लुरोपॉलिइथरचं तेल किंवा ऑइल नसलेला पंप लागतो. एक्झॉस्ट खोलीत सोडू नका, त्यात ओझोन असतो. वास आला म्हणजे तो आधीच तुमच्या नाकात गेलेला आहे.

पायरी ४: प्लाझ्मा

प्रेशर साधारण ०.३ ते ०.८ मिलिबार, ३० वॅटच्या आसपास, वेळ ३० ते ६० सेकंद, इथून सुरुवात करा. चमक स्थिर दिसायला हवी. हवेचा प्लाझ्मा गुलाबी-जांभळा दिसतो, शुद्ध ऑक्सिजनचा फिकट, पांढुरक्या निळसर छटेचा. ऑक्सिजन लावूनही गुलाबी दिसत असेल तर कुठेतरी लीक आहे, बहुतेक वेळा दरवाजाच्या ओ-रिंगवर केस किंवा पीडीएमएसचा कण अडकलेला असतो.

दुसऱ्या मशीनचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, चेंबरचा आकार बदलला की सगळं बदलतं. चार तुकडे घ्या, १५, ३०, ६०, १२० सेकंद द्या, प्रत्येकावर ३ मायक्रोलिटर पाण्याचा थेंब ठेवा आणि बाजूने मोबाइलच्या मॅक्रोने फोटो काढा, इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये अँगल मोजा. अँगल मोजायचं मोठं गोनिओमीटर नसलं तरी तुलना करायला हे पुरतं. जो सर्वात कमी वेळ थेंब पूर्ण पसरवतो तोच तुमचा वेळ.

जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं हा समज अगदी मोडून काढायला हवा. जास्त प्लाझ्मा मारला की वर काचेसारखा कडक थर तयार होतो, खालचं रबर मऊ, वरचा थर ठिसूळ, जरा वाकवलं की त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतून आतल्या साखळ्या आणखी पटकन वर येतात. म्हणजे ५ मिनिटं दिलेली चिप ३० सेकंदांच्या चिपपेक्षा लवकर बिघडू शकते.

पायरी ५: बाँडिंग, आणि इथून घड्याळ सुरू

चिप आणि काच दोन्ही एकत्र ट्रीट करा, बाहेर काढल्याबरोबर एकमेकांवर ठेवा, हलकं दाबा, हॉटप्लेटवर ८० अंशाला ५ मिनिटं. आणि मग लगेच चॅनेलमध्ये कोटिंगचं द्रावण भरा. प्लाझ्मा बंद झाल्यापासून १०-१५ मिनिटांच्या आत द्रावण आत गेलंच पाहिजे. कुठे अडकलात, फोन आला, जेवायची वेळ झाली, तर निदान चॅनेल डीआय वॉटरने भरून ठेवा, पाण्याखाली रिकव्हरी खूप मंदावते.

माझे तीन आठवडे याच गोष्टीत गेले. शुक्रवारी संध्याकाळी चिप्स बाँड करून डबीत ठेवायचे आणि सोमवारी सकाळी कोटिंग करायचे. सोमवारचे निकाल वाईट आणि मधल्या वारी बनवलेल्या चिपचे चांगले, आणि मी दोष पीईजीच्या बाटलीला देत होते! तारखा एका वहीत शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

पायरी ६: खरा रंग, म्हणजे पीईजी

दोन मार्ग सांगते, दोन्ही मी वापरलेत.

सोपा मार्ग पीएलएल-जी-पीईजी. यात पॉलिलायसिनच्या कण्याला पीईजीच्या साखळ्या जोडलेल्या असतात. लायसिन धनभारित, प्लाझ्मा मारलेली भिंत ऋणभारित, दोघं आपोआप जुळतात आणि पीईजी ब्रशसारखं पाण्यात उभं राहतं. १० मिलिमोलर हेपिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ७.४, त्यात एका एमएलला ०.१ मिलिग्रॅम, चॅनेलमध्ये भरा, ३० ते ६० मिनिटं थांबा, बफरने धुवा, झालं. सॉल्व्हंट नाही, ओव्हन नाही. आधीच बाँड केलेल्या चिपला यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. कमतरता अशी की हे भाराने धरलेलं आहे, खूप जास्त मीठ किंवा खूप कमी पीएच आलं की सुटतं. पीबीएस (मिठाचा फॉस्फेट बफर), सीरम, कल्चर मीडियमला हरकत नाही, पण १ मोलर मिठाने एल्यूशन करणार (अडकलेलं प्रोटीन धुवून सोडवणार) असाल तर हा मार्ग तुमचा नाही.

पक्का मार्ग पीईजी-सिलेन. मिथॉक्सी-पीईजी असलेलं ट्रायमिथॉक्सीसिलेन मिळतं, ते सिलॅनॉलशी खराखुरा रासायनिक बंध करतं. ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पाणी, ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच ५ च्या आसपास, त्यात २ टक्के सिलेन, ५ मिनिटं ढवळा आणि मग चॅनेलमध्ये. मी अर्धा तास ठेवते आणि मध्ये दोनदा ताजं द्रावण ढकलते. नंतर इथेनॉलने भरपूर धुवा, कोरडं करा आणि ११० अंशाला १० मिनिटं किंवा साध्या तापमानाला एक दिवस. बऱ्याच जुन्या पद्धतींत सिलेनसाठी टोल्युइन लिहिलेलं असतं, काचेला ते ठीक, पण पीडीएमएस टोल्युइनमध्ये फुगतं आणि बाँड उघडतो. द्रावण दुधाळ दिसलं तर सरळ फेकून द्या, सिलेन भिंतीऐवजी आपापसातच जुळलंय आणि त्याचे गोळे चॅनेल तुंबवतात. बाटली प्रत्येक वेळी उघडल्यावर नायट्रोजन भरून बंद करा, आपल्या दमट हवेत अर्धी बाटली दोन महिन्यांत निकामी होते आणि नवीन मागवली तर यायला कित्येक आठवडे लागतात. काम फ्युम हूडमध्ये, डोळ्यांवर गॉगल लावूनच करा, हे सिलेन पाण्याशी आलं की मिथेनॉल सोडतं आणि डोळ्यांना घातक आहे.

प्लुरॉनिक एफ-१२७ या कोटिंगच्या पॉलिमरबद्दल सारखं विचारतात. ते चांगलं आहे, स्वस्त आहे, पण त्याचा मधला भाग पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाला धरतो, म्हणजे ते कोऱ्या किंवा रिकव्हर झालेल्या पीडीएमएसवर चालतं. ताज्या प्लाझ्मा मारलेल्या चिपमध्ये प्लुरॉनिक भरणं म्हणजे एका हाताने केलेलं दुसऱ्याने पुसणं. प्लाझ्मा फक्त बाँडिंगसाठी केला असेल आणि पुढे प्लुरॉनिकच वापरायचं असेल तर उलट चिप काही दिवस मुद्दाम ठेवून द्या.

पायरी ७: चाललं की नाही ते तपासणं

तीन प्रकारच्या चिप्स हव्यातच: कोरी, फक्त प्लाझ्माची आणि प्लाझ्मा अधिक पीईजीची. मधली नसली तर पीईजीचं काम किती आणि प्लाझ्माचं किती हे कधीच कळणार नाही. कोऱ्या चिपमध्ये बाँडिंगपुरता तरी प्लाझ्मा जातोच, म्हणून हा सेट सपाट, न जोडलेल्या तुकड्यांवर करणं सगळ्यात स्वच्छ. एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेलं अल्ब्युमिन, पीबीएसमध्ये एका एमएलला ०.१ मिलिग्रॅम, अंधारात एक तास, मग पीबीएसने पाच वेळा धुवा आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली एकाच एक्स्पोजरवर सगळ्यांचे फोटो. ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर सगळे सारखेच उजळ दिसतील. एफआयटीसीची चमक पीएचवर अवलंबून असते म्हणून फोटो घेताना पीबीएसच आत ठेवा, पाणी नको. प्रोटीन न घातलेला एक तुकडा बॅकग्राउंडसाठी.

अल्ब्युमिनवर थांबू नका. लायसोझाइम आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठताना लागणारं प्रोटीन) दोन्ही करा, एक भाराची परीक्षा घेतं आणि दुसरं मुळातच फार चिकट आहे. रक्ताचं काम असेल तर फायब्रिनोजेन सोडून चालणारच नाही. लिओ व्ह्रोमन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की रक्तद्रव पृष्ठभागाला लागला की आधी बसलेली प्रोटीन्स नंतर दुसऱ्यांकडून बदलली जातात. म्हणजे पाचव्या मिनिटाला जे बसलंय तेच तासाभराने असेल असं नाही, आणि म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना मोजा.

फ्लुरोसन्स फक्त तुलना देतो. खरा आकडा हवा असेल तर तुकडा एसडीएसमध्ये (साबणासारखं द्रव्य) धुवून मायक्रो बीसीए (प्रोटीन मोजायची रंगाची चाचणी) करा, आणि पीईजी बसलंय का हे बघायला एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू ओळखायची तपासणी), त्यात कार्बनच्या पीकमध्ये २८६.५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ कार्बन-ऑक्सिजनचा खांदा ठळक वाढलेला दिसायला हवा. एक्सपीएस प्रत्येक कॉलेजात नसतं, मोठ्या संस्थांच्या सामायिक सुविधांमध्ये फी भरून सॅम्पल देता येतं. तुकडा नव्या पेट्री डिशमध्ये द्या, झिपलॉकमध्ये नको, प्लास्टिकमधली घाण त्यावर उतरते.

बिघडलं तर कुठे बघायचं

इनलेटजवळ चांगलं आणि मध्ये वाईट असेल तर बहुतेक बबल अडकलेला असतो, जिथे हवा तिथे कोटिंग नाही. द्रावण आधी डेसिकेटरमध्ये ठेवून हवा काढा आणि हळू भरा. लांब, अरुंद, आधीच बंद केलेल्या चॅनेलला बाहेरून परत प्लाझ्मा द्यायचा प्रयत्न केला तर तो आतपर्यंत पोचत नाही, टोकांनाच लागतो. आणि कोटिंग झाल्यावर चिप निर्जंतुक करायला परत प्लाझ्मात किंवा यूव्ही-ओझोनमध्ये घालू नका, ते सगळ्यात आधी पीईजीलाच खातात.

सगळं बरोबर होऊनही छोटा, पाणी टाळणारा ड्रग रेणू गायब होत असेल तर तो प्रोटीनचा प्रश्न नाहीच, तो पीडीएमएसच्या पोटात शिरतोय, आणि हा पातळ थर त्याला अडवत नाही. तिथे मटेरियलच बदला.

मटेरियल बदललं तर रेसिपीही बदलते. पीएमएमए, पॉलिस्टायरीन, सीओसी या प्लास्टिकांवर प्लाझ्माने सिलॅनॉल येत नाहीत, हायड्रॉक्सिल, कार्बॉनिल, कार्बॉक्सिल येतात, म्हणून सिलेन तिथे कमकुवत, पीएलएल-जी-पीईजी चांगलं. पॉलिस्टायरीनला जास्त प्लाझ्मा दिला तर वरच्या साखळ्या तुटून सुटा थर होतो आणि पहिल्याच धुण्यात कोटिंगसकट निघून जातो. लेझरने कापलेल्या पीएमएमएला अल्कोहोल लावू नका, कडेला ताणाच्या भेगा पडतात.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच आहे असं नाही. १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेलच्या ज्या पहिल्या काँटॅक्ट लेन्स बाजारात आल्या, त्यातल्या एका कंपनीने पृष्ठभाग प्लाझ्माने ऑक्सिडाइझ केला होता आणि दुसरीने प्लाझ्मातूनच साधारण २५ नॅनोमीटरचा सलग थर चढवला होता. मूळ अडचण आपलीच, सिलिकॉन ऑक्सिजन छान जाऊ देतं पण अश्रू त्यावर पसरत नाहीत.

शेवटी साठवण. कोट केलेली चिप बफरने भरून, इनलेट-आउटलेट बंद करून, ४ अंशाला ठेवा, पीएलएल-जी-पीईजीची मी एका आठवड्यात वापरते. पीईजी हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू खराब होतं, म्हणून सिलेनचीसुद्धा महिनोन्महिने ठेवू नका. डबीवर तीन गोष्टी मार्करने लिहा: प्लाझ्माची तारीख आणि वेळ, कोटिंग किती मिनिटांनी भरलं, आणि त्या दिवशी खोलीत किती टक्के दमटपणा होता. दमटपणा मोजायचा मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, प्लाझ्मा मशीनच्या शेजारीच लावून टाका.